पीसी की कन्सोल? सात वर्षांच्या खर्चाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरी २०१७ पासून पीएस४, म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन ४ हा टीव्हीला जोडून खेळायचा कन्सोल आहे आणि २०१९ पासून सुटे भाग आणून जोडलेला पीसी आहे. धाकटा कन्सोलवर खेळतो, थोरला पीसीवर, आणि घरखर्चाची वही मी लिहिते. दहावी-बारावीचे निकाल लागले की नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातल्या आमच्या इमारतीतील आणि आसपासचे पालक गेमसाठी पीसी घ्यावा की कन्सोल, हे विचारायला येतात. कधी मुलेच येतात आणि आईवडिलांना काय सांगावे ते विचारून जातात. नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र मांडली आहेत. ज्या किमती कंपन्यांनी जाहीर केल्या त्या तशा सांगितल्या आहेत, आणि जिथे मी बाजारभाव अंदाजाने धरला आहे तिथे तसे स्पष्ट लिहिले आहे.

दुकानात कन्सोल सरळ सरळ स्वस्त दिसतो. मग एवढा हिशेब कशासाठी?

डिस्क लागणारा पीएस५ स्लिम एप्रिल २०२४ मध्ये भारतात आला तेव्हा त्याची किंमत ५४,९९० रुपये होती. तेवढ्याच ताकदीचा पीसी जोडायचा तर नुसत्या खोक्यालाच ७०-७५ हजार मोजावे लागतात आणि मॉनिटर, कीबोर्ड, माऊस वेगळे. म्हणजे पहिल्या दिवशी कन्सोल स्वस्त आहे, यात वाद नाही.

परंतु हा स्वस्तपणा कुठून येतो ते पाहिले पाहिजे. कन्सोल बनवणारी कंपनी यंत्रावर फार थोडा नफा ठेवते, कधी सुरुवातीला तोटाही सोसते, कारण पुढे त्या यंत्रावर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गेममधून तिला वाटा मिळतो (डिजिटल दुकानात तो साधारणपणे ३० टक्के असतो) आणि ऑनलाइन खेळण्याची वर्गणीही तिच्याच हाती येते. पीसीचे तसे नाही. प्रोसेसरवाला, ग्राफिक्स कार्डवाला (हे कार्ड पडद्यावरची चित्रे तयार करते), मदरबोर्डवाला, प्रत्येकजण आपापला नफा विक्रीच्या वेळीच घेऊन मोकळा होतो आणि नंतर आपण गेम कोणत्या दुकानातून घेतो याच्याशी त्यांचा संबंध उरत नाही. पीसीच्या गेमचे स्टीम हे ऑनलाइन दुकानही साधारण ३० टक्केच घेते, पण शेजारी साधारण १२ टक्क्यांवर काम करणारे एपिक हे दुसरे दुकान उभे आहे, त्यामुळे ग्राहकाला निवड राहते. थोडक्यात, कन्सोलच्या खोक्यावरची किंमत ही खर्चाची पहिली रक्कम आहे. पुढच्या रकमा वर्षानुवर्षे येत राहतात.

हिशेब सातच वर्षांचा का धरायचा?

कारण कन्सोलची पिढी साधारण तेवढ्या काळाने बदलते. पीएस३ नोव्हेंबर २००६ मध्ये, पीएस४ नोव्हेंबर २०१३ मध्ये आणि पीएस५ नोव्हेंबर २०२० मध्ये जगाच्या बाजारात आला. भारतात शेवटचे दोन थोडे उशिरा पोचले, जानेवारी २०१४ आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये. नवी पिढी आली म्हणून जुने यंत्र त्याच दिवशी बंद पडत नाही, नवे गेम आणखी काही वर्षे दोन्हींसाठी निघतात. तरी सात वर्षे ही दोन्ही बाजूंना न्याय देणारी मुदत आहे. एवढ्या काळात पीसीचे ग्राफिक्स कार्ड एकदा बदलावे लागते, म्हणून तोही खर्च या हिशेबात आपोआप येतो. तीन वर्षांचा हिशेब मांडला तर पीसीवाल्याचा तो खर्च लपतो आणि कन्सोलवाल्याच्या वर्गणीचे ओझे पुरते दिसत नाही.

प्रत्यक्ष आकडे मांडून दाखवाल का?

हो, आणि कोणाच्याही बाजूने न झुकवता मांडते. घरात टीव्ही आधीपासून आहे, मुलगा रोज सरासरी दोन तास खेळतो आणि वर्षाला चार मोठे गेम घेतो, असे धरू.

आधी कन्सोल. यंत्राचे ५४,९९० रुपये. ऑनलाइन खेळासाठी प्लेस्टेशन प्लसची सर्वांत खालच्या श्रेणीची वार्षिक वर्गणी सप्टेंबर २०२३ मध्ये ३,९४९ रुपये झाली. ती तशीच राहील असे धरले तर सात वर्षांचे २७,६४३ रुपये होतात. सोनीच्या स्वतःच्या मोठ्या गेमची पहिल्या दिवशीची किंमत ४,९९९ रुपये असते. असे २८ गेम म्हणजे १,३९,९७२ रुपये. कंट्रोलर सात वर्षे टिकत नाही, म्हणून जादाचे दोन, पीएस५ भारतात आला तेव्हाच्या ५,९९० रुपयांच्या भावाने, ११,९८० रुपये. गेम साठवायला जागा कमी पडते म्हणून एक जादा एसएसडी (साठवणुकीचा भाग), अंदाजे ८,००० रुपये. वीज, जिचा तपशील पुढे आहे, १८,३९६ रुपये. एकूण २,६०,९८१ रुपये.

आता पीसी. खोके ७५,००० रुपये, मॉनिटर १२,०००, कीबोर्ड-माऊस-हेडफोन ५,०००, यूपीएस ६,००० रुपये. हे चारही आकडे मी अंदाजाने धरलेले आहेत. चौथ्या वर्षी ३२,००० रुपयांचे नवे कार्ड घेतले आणि जुने १२,००० रुपयांना विकले, म्हणजे खिशातून गेले २०,०००. यूपीएसच्या दोन बॅटऱ्या ३,०००. साफसफाई आणि थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर नेणारा लेप) वर्षाला ५०० प्रमाणे ३,५००. वीज २०,२३६. गेम मात्र निघाल्यावर वर्षभराने, सेलमध्ये, सरासरी १,२०० रुपयांना घेतले: २८ गेमचे ३३,६००. एकूण १,७८,३३६ रुपये.

हे दोन आकडे शेजारी ठेवून पीसीप्रेमी मंडळी विजय जाहीर करतात, आणि तिथेच मला थांबवावे लागते, कारण ही तुलना पीसी आणि कन्सोलची झालीच नाही. ही तुलना थांबून घेणाऱ्या मुलाची आणि पहिल्याच दिवशी घेणाऱ्या मुलाची झाली. कन्सोलवाल्या मुलानेही वर्षभर थांबून सेलमध्ये सरासरी १,५०० रुपयांना गेम घेतले तर त्याचा एकूण खर्च १,६३,००९ रुपयांवर येतो, म्हणजे पीसीपेक्षा पंधरा हजारांनी कमी. उलट पीसीवाल्याने पहिल्याच दिवशी सरासरी ४,००० रुपये मोजून गेम घेतले तर त्याचा खर्च २,५६,७३६ रुपयांवर जातो, म्हणजे जवळजवळ उतावळ्या कन्सोलवाल्याएवढाच. यंत्र बदलल्याने सात वर्षांत फरक पडतो तो पंधरा हजारांच्या आतबाहेर. गेम घेण्याची सवय बदलल्याने पडतो तो ७८ ते ९८ हजारांचा. यंत्र कोणते घ्यावे हे विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी विचारते की मुलगा नव्या गेमसाठी किती दिवस थांबू शकतो. बहुतेक आईबापांना याचे उत्तर मुलापेक्षा अधिक चांगले ठाऊक असते.

पीसीवर गेम खरोखरच स्वस्त मिळतात का?

मिळतात, पण त्याची कारणे समजून घ्यावीत. स्टीमने नोव्हेंबर २०१५ मध्ये भारतासाठी रुपयांत किमती लावल्या, तेव्हापासून अनेक प्रकाशक आपल्याकडची किंमत डॉलरच्या सरळ हिशेबापेक्षा कमी ठेवत आले आहेत. सगळेच तसे करत नाहीत, त्यामुळे एखादा गेम पीसीवरही पहिल्या दिवशी कन्सोलएवढाच महाग असू शकतो. जूनअखेरचा उन्हाळी सेल आणि डिसेंबरचा हिवाळी सेल हे दोन मोठे. एपिकचे दुकान डिसेंबर २०१८ मध्ये सुरू झाले आणि तेव्हापासून ते ठराविक काळाने गेम फुकट वाटत आले आहे. थोरल्याच्या खात्यात असे कितीतरी गेम आहेत, ज्यांतील निम्मे त्याने उघडलेलेसुद्धा नाहीत, म्हणून त्यांची किंमत बचत म्हणून धरू नये असे माझे मत आहे.

चुकीच्या खरेदीचाही खर्च असतो आणि तो कोणी मांडत नाही. स्टीमवर घेतलेला गेम चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मिळतात. प्लेस्टेशनच्या डिजिटल दुकानात गेम उतरवून घ्यायला सुरुवात केली की तो हक्क सर्वसाधारणपणे संपतो. आमच्या धाकट्याने अशी एक खरेदी केली, अर्ध्या तासात कंटाळला आणि चार हजार तसेच अडकले.

उलट बाजूही आहे. काही मोठे गेम पीसीवर फार उशिरा येतात. जीटीए ५ कन्सोलवर सप्टेंबर २०१३ मध्ये आला आणि पीसीवर एप्रिल २०१५ मध्ये. गॉड ऑफ वॉर पीएस४ वर एप्रिल २०१८ मध्ये निघाला, तो पीसीवर यायला जानेवारी २०२२ उजाडले. मित्रमंडळी खेळून मोकळी झाल्यावर तो गेम स्वस्तात मिळाला, यात पंधरा वर्षांच्या मुलाला समाधान वाटेलच असे नाही, आणि ते समजून घेतले पाहिजे.

डिस्कवाला कन्सोल घ्यावा की डिजिटल? दहा हजार वाचतात ना?

डिस्कवाला घ्यावा. एप्रिल २०२४ मध्ये डिजिटल आवृत्ती ४४,९९० रुपयांची, म्हणजे दहा हजारांनी स्वस्त होती, परंतु डिस्क हीच कन्सोलवाल्याच्या हातातली खरी मालमत्ता आहे. ४,९९९ चा गेम महिन्याभरात संपवून डिस्क २,५०० रुपयांना विकली तर चार डिस्कांत ते दहा हजार भरून निघतात. वरच्या हिशेबातील उतावळ्या मुलाने सगळ्या डिस्का अशा विकल्या तर त्याचा २,६०,९८१ चा खर्च १,९०,९८१ वर उतरतो. आमच्याकडे धाकटा आणि त्याचे धरमपेठेतील दोन मित्र मिळून एक डिस्क घेतात आणि पाळीपाळीने खेळतात. ओरखडा पडला तर ज्याच्याकडे असताना पडला त्याने भरून द्यायचे, असा त्यांचा लेखी करार आहे आणि तो आजवर पाळला गेला आहे. पीसीवर विकत घेतलेला गेम विकता येत नाही. तिथे सोय आहे ती स्टीमच्या कुटुंब गटाची, ज्यात घरातील सहा जणांपर्यंत एकमेकांचे गेम वापरता येतात.

ऑनलाइन वर्गणी टाळता येते का?

पीसीवर ऑनलाइन खेळायला वर्गणी लागत नाही. कन्सोलवर विकत घेतलेले गेम ऑनलाइन खेळायचे तर ती लागते. फोर्टनाइटसारख्या मुळातच मोफत असणाऱ्या गेमना लागत नाही. मुलगा एकट्याने खेळायचे कथाप्रधान गेमच खेळत असेल तर वर्गणी घेऊच नका, सात वर्षांचे २७ हजार वाचतील.

वर्गणीच्या बाबतीत मला खटकते ते हे की तिचा भाव आपल्या हाती नसतो. प्लेस्टेशन प्लसची वर सांगितलेली श्रेणी सप्टेंबर २०२३ पूर्वी वर्षाला २,९९९ रुपयांची होती; एका झटक्यात ९५० रुपये वाढले. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स कन्सोलच्या गेम पास अल्टिमेट या, विकत न घेता अनेक गेम खेळू देणाऱ्या वर्गणीचा अमेरिकेतील मासिक दर ऑक्टोबर २०२५ मध्ये १९.९९ डॉलरवरून २९.९९ डॉलर झाला. ज्याने या वर्गणीवर विसंबून गेम विकत घेणे थांबवले असेल त्याने वर्गणी सोडली की हाती काहीच उरत नाही. सुट्टीच्या दोन महिन्यांपुरती घेऊन सोडून देणे हा त्यातला शहाणा वापर आहे.

विजेचे बिल किती वाढते?

पीएस५ मोठा गेम चालवताना साधारण २०० वॅट घेतो. त्यात टीव्हीचे १०० वॅट मिळवले की रोजच्या दोन तासांचे वर्षाला २१९ युनिट होतात. मध्यम दर्जाचा पीसी ३०० वॅट आणि मॉनिटर ३० वॅट धरला तर २४१ युनिट. फरक नगण्य आहे. अर्थात साडेचारशे वॅटचे कार्ड बसवलेल्या पीसीला हे लागू नाही, पण तो या हिशेबातला पीसीच नव्हे.

युनिटचा दर कोणता धरायचा हे मात्र नीट पाहावे. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यावर असे टप्पे असतात. फ्रीज, पंखे, पाण्याची मोटर हे चालणारच असतात. खेळाचे युनिट त्यांच्या वर चढतात आणि म्हणून आपण ज्या वरच्या टप्प्यात असतो त्याच दराने मोजले जातात. बिलाची रक्कम भागिले युनिट, असा सरासरी दर काढला तर खेळाचा खर्च कमी दिसतो. टप्प्याचा दर, वहन आकार आणि १६ टक्के विद्युत शुल्क असे सगळे धरून मी १२ रुपये युनिट घेतले आहे. आपल्या मागच्या महिन्याच्या बिलावरून हा आकडा बदलून घ्यावा.

नागपूरच्या उन्हाळ्यात ही यंत्रे टिकतात का?

या प्रश्नाचे उत्तर पुण्या-मुंबईच्या मंडळींच्या सल्ल्यात मिळत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पीएस५ वापरण्यासाठी सोनीने खोलीचे तापमान ५ ते ३५ अंश सांगितले आहे. आपल्याकडे २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि साध्या मे महिन्यातही ४४-४५ नवे नाही. पंख्यावर चालणारे कोणतेही यंत्र खोलीतल्या हवेनेच स्वतःला थंड करते. खोली दहा अंशांनी तापली की आतली चिपही जवळजवळ दहा अंशांनी अधिक तापते. मग पंखा जोरात फिरतो, चिप स्वतःचा वेग कमी करते आणि शेवटी यंत्र बंद होते. पीसीत एक जादा पंखा किंवा प्रोसेसरवर मोठा कूलर दोन-पाच हजारांत बसवता येतो. कन्सोलमध्ये असे काहीच करता येत नाही.

दुसरा मुद्दा आपल्या वाळ्याच्या कूलरचा. खिडकीतल्या कूलरचा झोत थेट यंत्रावर येऊ देऊ नये. त्या हवेत ओलावा असतो, आणि ताट्यांतून सुटणारे बारीक तंतू व धूळ त्या ओलाव्यामुळे यंत्राच्या आत चिकटून बसतात. २०२१ च्या जूनमध्ये आमचा पीएस४ इतका घुरघुरू लागला की शेजारच्या खोलीत बोलणे ऐकू येईना. बर्डीतल्या एका दुकानाने न उघडताच मदरबोर्ड गेल्याचे सांगून नऊ हजार मागितले. आम्ही तो उचलून आणला आणि ओळखीच्या एका कारागिराकडे नेला. त्याने आमच्यासमोर स्क्रू काढले. उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांमधल्या फटी दिसतच नव्हत्या. त्यांच्यावर राखाडी नमद्यासारखा अखंड थर बसला होता. रंगकामाच्या दोन इंची ब्रशने त्याने तो एका तुकड्यात सोलून काढला, जुनी सुकलेली पेस्ट पुसली, नवी लावली आणि आठशे रुपये घेतले. कन्सोल आजही चालू आहे. तेव्हापासून कूलर माळ्यावर गेले की पहिल्या रविवारी दोन्ही यंत्रांची सफाई हा आमच्या घरचा नेम झाला आहे.

पीएस५ बाबत मात्र एक सावधगिरी आवश्यक आहे. त्यात पेस्टऐवजी द्रवरूप धातू वापरलेला आहे. अनुभव नसलेल्या हातांनी तो आतपर्यंत उघडला तर धातू पसरून यंत्र कायमचे जाऊ शकते. बाहेरची झाकणे काढल्यावर दिसणाऱ्या धूळ साठण्याच्या दोन छिद्रांतून व्हॅक्यूमने धूळ ओढून घेणे एवढेच घरी करावे.

एसी लावून खेळणाऱ्यांसाठी एक आकडा. दीड टनाचा एसी सुमारे दीड किलोवॅट घेतो असे धरले तर दोन तासांचे तीन युनिट, म्हणजे ३६ रुपये होतात. एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंतच्या ७५ दिवसांचे २,७०० रुपये होतात, जे कन्सोल आणि टीव्ही यांच्या वर्षभराच्या विजेपेक्षा जास्त आहेत. एसीच्या खोलीत घरातले इतरही बसत असतील तर हा खर्च खेळावर टाकू नये. केवळ खेळासाठी लावला जात असेल तर टाकलाच पाहिजे.

मृगाच्या आधीच्या वादळी पावसात विजा कडाडतात तेव्हा प्लग काढून ठेवावा. पीसीला यूपीएस मी सक्तीचा मानते, कारण काम अर्धवट असताना वीज गेली तर नुसता गेम जात नाही, अभ्यासाच्या फाइलीही जातात.

पीसीच्या सुट्या भागांचे भाव अचानक चढतात, त्याचे काय?

ही पीसीची खरी कमजोरी आहे. २०२१ मध्ये आभासी चलन (क्रिप्टोकरन्सी) खणणाऱ्यांनी, म्हणजे संगणक राबवून ते मिळवणाऱ्यांनी, ग्राफिक्स कार्डे घाऊक उचलली आणि मध्यम कार्डही दुप्पट भावाला गेले; सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या चलनाने खणण्याची ती पद्धत सोडली तेव्हा त्या मागणीचा मोठा आधार गेला. २०२५ च्या उत्तरार्धात हीच पाळी रॅमवर आली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडे मेमरी चिप वळल्या, आणि डिसेंबर २०२५ मध्ये मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉन कंपनीने घरगुती ग्राहकांसाठीचा क्रुशियल हा आपला व्यवसाय बंद करत असल्याचे जाहीर केले. त्यामुळे मी धरलेला ७५,००० चा आकडा खरेदीच्या दिवशी पुन्हा तपासावा लागेल. कन्सोलही यातून सुटलेले नाहीत, अमेरिकेत सोनी आणि मायक्रोसॉफ्ट या दोन्ही मोठ्या कंपन्यांनी २०२५ मध्ये किमती वाढवल्या, पण तिथे भाव एका रात्रीत दुप्पट होत नाही.

यावर उपाय एकच: पुढे बदल करता येईल असा पाया निवडणे. थोरल्याच्या पीसीत एएमडीचा एएम४ मदरबोर्ड आहे. त्याच्या सॉकेटवर, म्हणजे प्रोसेसर बसवण्याच्या जागी, २०१७ मध्ये एएमडीचे पहिले रायझेन प्रोसेसर बसले आणि २०२२ मध्येही नवे प्रोसेसर निघत होते, म्हणून त्याने बोर्ड आणि रॅम तशीच ठेवून फक्त प्रोसेसर बदलला.

घरात अभ्यासासाठी संगणक घ्यावाच लागणार आहे. तेव्हा हिशेब बदलतो का?

पूर्णपणे बदलतो. मुलगा अभियांत्रिकीला जाणार असेल, त्याला प्रोग्रॅमिंग, ड्रॉइंग, व्हिडिओचे काम असेल, तर कन्सोल घेऊनही चाळीस हजारांचा संगणक वेगळा घ्यावाच लागेल. मग थांबून घेणाऱ्या मुलाचा कन्सोलचा खर्च १,६३,००९ वरून २,०३,००९ वर जातो आणि पीसी जवळजवळ पंचवीस हजारांनी स्वस्त ठरतो. संगणक घरात आधीच असेल किंवा महाविद्यालयाकडून मिळणार असेल, तर हा मुद्दा गळतो. पीसीच्या बाजूने मुले जे दहा मुद्दे मांडतात त्यांतील हा एकच मला निर्णायक वाटतो. पण तो खरा असला पाहिजे. केवळ घरच्यांचे मन वळवण्यासाठी ‘अभ्यासाला लागतो’ असे म्हणून आणलेला पीसी अभ्यासाला लागत नाही, हेही मी पाहिले आहे.

विंडोजचा खर्चही यात येतो. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय संगणकात असावी लागते, म्हणून जुना संगणक स्वस्तात घेऊन त्यावर कार्ड चढवण्याचा बेत असेल तर हे आधी तपासावे. लिनक्स मोफत आहे आणि त्यावर बरेच गेम चालतात, मात्र व्हॅलोरंटसारखे, फसवणूक रोखणारी कडक व्यवस्था असलेले गेम चालत नाहीत.

गेमिंग लॅपटॉप कसा?

पुण्याला वसतिगृहात जाणाऱ्या मुलासाठी तो समजण्यासारखा आहे, घरी राहणाऱ्यासाठी नाही. त्यातले कार्ड बदलता येत नाही, चौथ्या वर्षी बॅटरी जाते, आणि तेवढ्याच पैशांत टेबलावरचा पीसी अधिक वेगवान मिळतो. नागपुरात मे महिन्यात मांडीवर घेऊन तर तो वापरताच येत नाही.

पीसीवर गेम फुकट उतरवता येतात असे मुले म्हणतात.

ती चोरी आहे, आणि तिला मी हिशेबात जागा देत नाही. अशा फाइलींबरोबर येणाऱ्या विषाणूंनी पासवर्ड आणि बँकेची माहिती जाते, ते नुकसान कोणत्याही गेमपेक्षा मोठे आहे.

बिनव्याजी हप्त्यांवर घ्यावे का?

नाव बिनव्याजी असले तरी प्रक्रिया शुल्क आणि व्याजाच्या भागावरील जीएसटी बहुधा आपल्याच माथी येतो, आणि रोखीवर मिळणारी सूट जाते. दोन्ही मिळवून फरक काढा आणि मग ठरवा.

जुना कन्सोल किंवा जुने कार्ड घेणे सुरक्षित आहे का?

कन्सोल घेताना विकणाऱ्याच्या घरी जाऊन, अर्धा तास एखादा जड गेम चालवून पाहावा. पंख्याचा आवाज, डिस्क आत घेते की नाही, आणि कंट्रोलरची काठी हात न लावता सरकते का, हे तीन तपासावे. काठीची हालचाल मोजणारे तिच्या खालचे पोटेन्शिओमीटर झिजले की खेळाडू आपोआप चालू लागतो. विकणाऱ्याने स्वतःचे खाते आपल्यासमोर काढलेच पाहिजे. कार्डाच्या बाबतीत मूळ बिल हाती असल्याशिवाय व्यवहार करू नये, कारण वॉरंटी त्या बिलावर चालते. कार्ड बिघडले आणि मुंबईला पाठवावे लागले तर तीन आठवडे जातात, हा आमचा अनुभव आहे.

सात वर्षांनी या यंत्रांचे काय करायचे?

कन्सोल एकसंध विकला जातो आणि पुढची पिढी जाहीर होताच त्याचा भाव पडतो, म्हणून विकायचाच असेल तर त्याआधी विकावा. डिस्का मात्र ठेवाव्यात: पीएस४ च्या बहुतेक डिस्का डिस्कवाल्या पीएस५ वर चालतात, पीएस३ च्या चालत नाहीत. पीसी तुकड्यातुकड्याने विकला जातो. कॅबिनेट, वीजपुरवठ्याचा डबा आणि मॉनिटर हे बहुतेकदा पुढच्या पीसीतही कामी येतात. विकण्यापूर्वी एसएसडी पूर्ण पुसावी, आणि यूपीएसची जुनी बॅटरी कचऱ्यात न टाकता नवी घेताना दुकानदाराला द्यावी, तो तिचे थोडे पैसेही वळते करतो. थोरल्याचे पहिले कार्ड आम्ही विकले नाही. ते सध्या वर्ध्याला माझ्या भाचीच्या संगणकात आहे आणि ती त्यावर घरांचे त्रिमितीय आराखडे काढते.